नातवाची बाटली

“पोटात दूध गेलं ना? मग झालं!” असं म्हणून ते रिकामी बाटली उलटी धरायचे आणि शेवटचा थेंब तळहातावर पाडून दाखवायचे. कोलकात्याच्या बेहाला भागातल्या आमच्या इमारतीत समोरच्या फ्लॅटमध्ये राहणारे हे आजोबा मूळचे अकोल्याचे. मुलगी मुग्धा बँकेत, तिची इकडे बदली झालेली, जावई जहाजावर. म्हणून अडीच वर्षांच्या ईशानला सांभाळायला हे आले. परमुलखात मराठी शेजार मिळाला की त्याचा निम्मा संसार आपलाच होतो, हे तुम्हाला सांगायला नको.

इमारतीतली बंगाली मुलं त्यांना दादू, म्हणजे आजोबा, म्हणत, म्हणून आम्हीही दादूच म्हणू लागलो. वरणभात दिसला की ईशान मान फिरवी आणि दादू लगेच बाटली काढत.

“बाबा, त्याला भूक तरी लागू द्या!” मुग्धा चिडायची.

“अगं, दूध म्हणजे पूर्णान्न. लेकराला उपाशी ठेवू का?”

पोर दिवसेंदिवस पांढुरकं दिसू लागलं होतं. दादूंना वाटे, नातू आजीसारखा गोरा निघाला.

एकदा जिन्यात ईशानला भिंतीचे पोपडे खाताना मी पकडलं. दादू हसत म्हणाले, “कृष्णानंही माती खाल्ली होती!” मला काही हसू आलं नाही. मी मुग्धाच्या मागेच लागले आणि तिला डॉक्टरांकडे पाठवलं.

रक्ताचा रिपोर्ट बघून डॉक्टरांनी दादूंनाच समोर बसवलं. “दूध से पेट भर जाता है, खाना खाता नहीं, तो खून कैसे बनेगा? बोतल आज से बंद.” लोहाचं औषध दिलं, डाळ, अंडं, पालेभाजी भरवायला सांगितलं. हिमोग्लोबिन आणखी उतरलं तर भरती करून रक्त चढवावं लागेल, असंही बजावलं.

घरी येऊन दादूंनी सगळ्या बाटल्या स्वतःच्या हातानं फेकून दिल्या. पण ईशानला ते कुठे कळतंय? तो त्यांच्या मांडीवर डोकं टेकून, तोंड उघडून वाट बघायचा. मग जो आकांत सुरू व्हायचा, त्यानं आमच्या तव्यावरची पोळी करपायची. मुग्धानं पुढे केलेली मसूरडाळीची वाटी तो भिरकावून द्यायचा आणि पुन्हा दादूंकडे धावायचा.

एका दुपारी दादू माझ्या दारात आले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. नजर आमच्या फ्रिजवर.

“पोरी, कपभर दूध देतेस?”

समोरून “दादू, दुदू!” असं रडणं ऐकू येत होतं. खरं सांगते, मला त्या म्हाताऱ्याची इतकी दया आली, की माझा हात फ्रिजकडे गेलाच होता.

“नको!” ते एकदम ओरडले. “मी मागितलं तरी देऊ नकोस.” आणि भिंतीला धरून खाली बसले. “मला बघितलं की त्याला दूधच आठवतं गं. मी इथे असेपर्यंत तो जेवणार नाही.”

त्यांना कुणीही जा म्हटलं नव्हतं. “बाबा, मी एकटीनं कसं निभावू?” म्हणून मुग्धा रडली. पण दादू हट्टाला पेटले होते. तिला रजा घ्यायला लावली आणि ईशान झोपलेला असताना पिशवी उचलून हावड्याहून गाडीनं अकोल्याला निघून गेले. उठल्यावर पोरानं त्यांना पलंगाखालीसुद्धा शोधलं.

त्यानंतर रोज जेवणाच्या वेळी माझा फोन वाजायचा. मुग्धाला करत नसत. आवाज ऐकला तर ईशान पुन्हा हटून बसेल, ही धास्ती. “आज काही गेलं का पोटात?” एवढंच विचारायचे. आज चार घास, आज काहीच नाही, आज अंड्याचा तुकडा, असं मी सांगायचे आणि ते सुस्कारा टाकायचे.

शेवटी एका दिवशी मीच आनंदानं त्यांना फोन लावला. “दादू, आज त्यानं डाळभात संपवला आणि वर आणखी मागितला!”

त्यांनी हळूच विचारलं, “कुणाकडे मागितला?”

“मुग्धाकडे.”

“छान झालं. फार छान झालं,” असं ते म्हणतच राहिले. फोन ठेवायचं काही त्यांच्या लक्षात येईना.