दांडा ज्याच्या हाती, वीज त्याची

आमच्या यांनी चौतीस वर्षं रेल्वेत काढली, तीही एकेरी मार्गावरच्या एका लहानशा स्टेशनात. रूळ एकच, गाड्या दोन्हीकडून. म्हणून तिथे टोकन असायचं. ते ज्या ड्रायव्हरच्या हातात, त्याचीच गाडी पुढे. बाकीच्यांनी मुकाट उभं राहायचं. चौतीस वर्षांत यांच्या स्टेशनात साधी शेळीसुद्धा धडकली नाही, हे दिवसातून एकदा तरी ऐकावं लागतं. माणूस निवृत्त होऊन घरी आला, पण स्टेशन काही डोक्यातून उतरलं नाही.

त्यात जावईबापूंनी विजेवरची गाडी घेतली. त्यांच्या इमारतीत ना गाडीला जागा, ना लिफ्ट. लेकीला आठवा महिना लागल्यावर चार जिने नकोत म्हणून ती आमच्याकडे राहायला आली आणि मागोमाग गाडीही आली. दवाखाना टेकडीपलीकडे, तासाभराच्या वाटेवर. त्यामुळे गाडी कधीही तयार हवी. पहिल्याच दिवशी यांनी इस्त्रीच्या प्लगला एक्स्टेन्शन जोडलं, उरलेल्या वायरचं छान भेंडोळं करून ठेवलं आणि ऐटीत पेपर वाचत बसले. तासाभरात जळका वास! प्लग वितळून काळाठिक्कर, आणि भिंतीच्या पलीकडे लेक झोपलेली. यांच्या तोंडचं पाणीच पळालं. दोन दिवस धड जेवले नाहीत.

वायरमनने येऊन आधी यांना यथेच्छ झापलं. "काका, एक्स्टेन्शन विसरा आता. मीटरपासून वेगळी जाड वायर, वेगळा ब्रेकर, नीट अर्थिंग." तसं सगळं करून दिलं, गाडीचा करंटही कमी करून ठेवला. जाताना म्हणाला, "पण घराचा मंजूर लोडच तुटपुंजा आहे. तो वाढवून मिळेपर्यंत गाडी चार्जिंगला असताना गिझर, इस्त्री, पंप बंद. एका वेळी एकच."

"एका वेळी एकच" ऐकलं मात्र, यांचे डोळे असे लकाकले की मी मनात म्हटलं, झालं, संपलं आपलं.

माळ्यावरच्या मोडक्या छत्रीचा वाकडा दांडा यांनी तासून, लाल रंगवून घेतला. तेच टोकन. गाडी चार्जिंगला असली की दांडा गाडीच्या आरशावर लटकणार. गिझर हवा? दांडा मागा. नुसता घेऊन चालत नाही, "टोकन मिळालं" असं मोठ्याने म्हणायचं. ब्याऐंशी वर्षांच्या माझ्या सासूबाई टॉवेल खांद्यावर टाकून अंगणात ओरडतात, "मिळालं रे बाबा, मिळालं! आता आंघोळ करू का मरू?" एकदा नणंदबाई आल्या आणि त्यांनी न विचारता केस वाळवायचं मशीन लावलं. यांनी शिट्टी फुंकली! खरी, पितळेची, कामावरची. बाई अर्ध्या ओल्या केसांनी परत गेल्या, त्या अजून फोन करत नाहीत.

अखेर तो दिवस आला. सकाळी दहाला लेकीला कळा सुरू झाल्या आणि गाडीत चार्ज होता एकोणीस टक्के. आदल्या दिवशी जावईबापू कामानिमित्त लांब जाऊन आले होते. दवाखान्यातल्या सिस्टर फोनवर म्हणाल्या, "घाई नको, दोन तासांनी निघा, पण निघा." टेकडी चढून पोचायला पंचवीस टक्के तरी हवेत. यांनी गाडीला प्लग लावला, दांडा आरशावर अडकवला आणि घरातलं एकेक बंद करत सुटले. फ्रिज, पंखे, देवाशपथ सांगते, भिंतीवरचं सेलवर चालणारं घड्याळसुद्धा!

"अहो, त्याने गाडीत जास्त वीज जाणार आहे का?"

"ब्रेकर पडला तर? तू जबाबदारी घेणार?"

जावईबापूंना घरून लगेच बोलावलं होतं, पण दोन तास झाले तरी त्यांचा पत्ता नाही. मी वैतागून दार उघडलं, तर ते घामाघूम होऊन पायरीवर उभे. वीस मिनिटं बेल दाबत होते. यांनी बेलही बंद केली होती! आणि यांचा फोन? तो आवाज बंद करून सासूबाईंच्या उशीखाली, कुणी बोलत बसू नये, "लाईन मोकळी" राहावी म्हणून. माझ्या तोंडून काय काय निघालं ते इथे सांगण्यासारखं नाही.

गाडी एकतीस टक्क्यांवर होती. आम्ही लेकीला बसवून निघालो, तर हे फाटकात उभे राहून माझा हिरवा ब्लाऊजपीस हलवत होते. आम्ही वळणावरून दिसेनासे होईपर्यंत हलवत होते.

दुपारी चारला नात झाली. दोघी सुखरूप. मी फोन केला, तर तिकडून नुसतं नाक ओढल्याचा आवाज आला.

संध्याकाळी हे बसने आले. शर्ट चुरगळलेला, दाढी वाढलेली, अंगाला घामाचा वास. इस्त्रीशिवाय कधी ड्यूटीवर न गेलेला माणूस!

"हा काय अवतार?"

"आंघोळ कशी करणार? टोकन गाडीबरोबर इकडे आलं."

"अहो, गाडीच घरात नव्हती! दहा गिझर लावले असते तरी..." मी कपाळावर हात मारून घेतला. एक गिझर तरी लावायचा!

"टोकन नाही म्हणजे नाही," हे हळूच म्हणाले. "एकदा घाई केली होती ना मी. भिंतीपलीकडे ती झोपली होती."

जावईबापूंनी गाडीतून दांडा आणून यांच्या हातात ठेवला. "टोकन मिळालं," हे पुटपुटले, अगदी सवयीने. तेवढ्यात सिस्टरने यांना हात धुवायला लावले आणि दुपट्यातली नात पुढे केली. यांनी एकदा दांड्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. एका वेळी एकच. मग तो दांडा त्यांनी माझ्यापुढे धरला आणि सोडेनात, तसेच उभे राहिले. मला उमगायला जरा वेळच लागला.

"मिळालं," मी म्हटलं. मोठ्याने. आजवर नुसता दांडा ओढून घ्यायचे, म्हटलं एकदाही नव्हतं.

तेव्हा कुठे यांनी दांडा सोडला आणि नातीला घेतलं.