पाडव्याचा ट्रॅक्टर

न्यू जर्सीत मी एकदा शेती केली आहे. नारळ फुटल्यापासून ट्रॅक्टर रुतेपर्यंत ती उत्तम चालली होती.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. साताऱ्याहून माझे सासरे, आबा, पहिल्यांदाच आमच्याकडे आले होते. जातिवंत शेतकरी! कॉम्प्युटरवाला जावई म्हणजे त्यांच्या लेखी नुसता बटणं दाबणारा इसम. (मुलगी बघायला गेलो तेव्हा त्यांनी माझे तळहात पाहिले होते. भविष्यासाठी नाही, घट्टे आहेत का म्हणून!) ते परत जायच्या आत त्यांच्या तोंडून एकदा तरी ‘शाब्बास’ ऐकायचंच, असा मी चंग बांधला. परसात मेथी लावायची ठरवली आणि शेजारच्या वॉल्टर नावाच्या शेतकऱ्याचा ट्रॅक्टर मागून आणला.

“मेपर्यंत थांब,” वॉल्टर म्हणाला. “बर्फ आत्ताच वितळलंय. नुसता चिखल आहे.”

“आज आमचा न्यू इयर आहे. आज सुरू केलेलं काम अडत नाही!”

आबांनी बुटाच्या टोकाने माती दाबून पाहिली. “जावईबापू, वाफसा न्हाई अजून. रान वलं हाय.”

“आबा, पाडवा! साडेतीन मुहूर्तांतला एक!”

आबा बूट झटकून बाजूला झाले.

माझ्या बायकोने, सुलभाने, ट्रॅक्टरला हळदकुंकू वाहिलं. मी झोकात नारळ फोडला, गिअर टाकला. ट्रॅक्टर थोडा पुढे गेला आणि मग खाली जाऊ लागला. मी आणखी रेस केला, तो आणखी खाली गेला. मागची चाकं निम्मी दिसेनाशी झाली.

तेवढ्यात सणाला जेवायला बोलावलेली मंडळी आली. सिल्कचे कुडते, पैठण्या आणि सगळे इंजिनियर नाहीतर डॉक्टर!

“यार, हा टॉर्कचा प्रॉब्लेम आहे.”

“छे, ट्रॅक्शन! चाकाखाली काहीतरी हार्ड टाक.”

घरात हार्ड काय? पंगतीचे पाट! सुलभाचं लक्ष जायच्या आत ते चाकांखाली गेले. चाकं फिरली, पाट गडप झाले आणि चिखल सगळ्या कुडत्यांवर सारखा वाटला गेला.

“अहो, आईने दिलेले पाट होते ते!”

“वर येतील गं. मेमध्ये.”

मग आमचे एक हार्ट सर्जन मित्र गुढीच्या काठीकडे बघू लागले. तरफ म्हणून!

“काठीला हात लावलात तर श्रीखंड कॅन्सल!” सुलभा कडाडली. सगळे निमूटपणे हात धुवायला गेले.

मी एकटाच मागे राहून, तोंडापर्यंत चिखलाने माखून, फावड्याने चाक उकरत बसलो. अगदी रडकुंडीला आलो होतो. आबा मात्र शांतपणे ट्रॅक्टरवर चढले, फेटा सारखा केला आणि दारातल्या सुलभाला म्हणाले, “पोरी, एक फोटू काढ.”

दोन वर्षांनी साताऱ्याला गेलो, तर तो फोटो सोप्यात फ्रेम करून टांगलेला! शेजारचे एक काका त्याकडे कौतुकाने बघत होते.

“आबा, जावयाचा ट्रॅक्टर झ्याक हाय! पर मागं चिखलात ह्यो कोन?”

आबांनी माझ्याकडे एकदा शांतपणे पाहिलं.

“त्यो व्हय? तिथला गडी. अंगमेहनतीला शाब्बास हाय, पर सांगितल्यालं ऐकत न्हाई!”

मिळाली एकदाची शाब्बासकी! फक्त ती जावयाला न मिळता गड्याला मिळाली, एवढंच.