हंबीररावांचा आवाज आणि गवे

गगनबावड्याच्या वाटेवर आमचं गाव. हंबीररावांचा ऊस माझ्या बांधाला लागून, त्यामुळं त्यांचा आवाज मी जन्मभर सोसलाय. हा माणूस घरात चहा मागायचा तरी पावण्यांना वाटायचं भांडण जुंपलंय. पण संध्याकाळी शेतातल्या राखणीच्या माळ्यावर चढून ते एकदा ओरडले की उसाला आलेले रानगवे मागं फिरायचे. त्यात माझा ऊसही फुकटात राखून व्हायचा, म्हणून मी कधी तक्रार केली नाही.

गेल्या पावसाळ्यात त्यांचा घसा बसला तो उठेचना. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी घशात गाठ आहे म्हणून सांगितलं. गाठ साधी होती, पण काढावी लागणार होती आणि नंतर ओरडायचं कायमचं बंद. गाठीला हंबीरराव भ्यायले नाहीत. "मग ऊस कोण राखनार?" एवढंच त्यांनी विचारलं. तोड दिवाळीनंतर होती, आणि कळप शिरला तर तोडायला काही उरत नाही.

तोडगा काढला सुनेनं, निशिगंधानं. ऑपरेशनच्या आधी तिनं मोबाइल पुढं धरला आणि म्हणाली, "आबा, हुईल तेवढं वरडा." हंबीररावांनी होता नव्हता तेवढा आवाज लावला. "हाऽट! कोन हाय रं तकडं? हय्योऽ!" ऑपरेशन झालं, मग भंगारवाल्याच्या गाडीवर असतो तसला कर्णा माळ्याला बांधला आणि दिवस मावळला की हा आरडाओरडा सुरू झाला. गवे थबकले, कान टवकारले आणि वळले. साऱ्या गावानं निशिगंधाचं कौतुक केलं.

कौतुक पंधरवडाभर टिकलं. गवे रोज थोडं जवळ येऊन ऐकत उभे राहायला लागले. एका संध्याकाळी मी आणि हंबीरराव बांधावर होतो. पांढऱ्या पायमोज्यांचा दांडगा नर थेट कर्ण्याखाली आला आणि त्या आवाजात खुशाल उसाच्या शेंड्याचं हिरवं वाढं ओरबाडायला लागला, गाणी लावून जेवायला बसल्यागत. मला हसू यायला हवं होतं, पण हंबीररावांचं तोंड पार उतरलं होतं.

"कळालं त्यास्नी," ते कुजबुजले. "आवाज हाय, मानूस न्हाय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी कर्णा सोडवला आणि स्वतःच माळ्यावर जाऊन बसले. काय करणार म्हणून विचारलं तर म्हणाले, "घरात बसून बघवत न्हाय." त्यांना एकटं कसं सोडायचं म्हणून मीही चढलो. वारा आमच्याकडून रानाकडं होता. कळप झाडीतून बाहेर आला. पुढच्या म्हाताऱ्या मादीनं नाक वर केलं, मोठ्यानं फुसकारली आणि सगळे जागच्या जागी थांबले. आम्ही श्वास धरून होतो. हंबीरराव साधं खोकलेसुद्धा नव्हते. म्हातारी वळली, तिच्यामागं कळप.

तेव्हा आमच्या डोक्यात उजेड पडला. या जनावराची सगळी मदार नाकावर. दाट झाडीत डोळा कुठवर पोचणार? ओरडणं त्यांना रिकामं वाटायला लागलं होतं, माणसाचा वास मात्र खरा होता. मग हंबीरराव वारा बघून जागा बदलायला लागले. कधी माळ्यावर, कधी माझ्या खोपीच्या पत्र्यावर. गवेही काही कमी नव्हते. हंबीरराव इचलकरंजीला लग्नाला गेले त्याच दिवशी गव्यांनी उसाचा एक कोपरा साफ केला. हंबीरराव चिडले नाहीत. "त्यास्नी बी पोट हाय की," म्हणाले.

दिवाळीनंतर टोळी आली, ऊस तोडून कारखान्याला गेला. शेवटची ट्रॉली हलली तसे आम्ही त्यांच्या घरापुढच्या सोप्यात चहाला बसलो. सगळे खूश होते, पण हंबीररावांना काहीतरी सलत होतं.

"म्हंजी इतकी वर्सं मी उगंचच बोंबललो की," ते बारीक आवाजात म्हणाले.

धोंडुबाई, म्हणजे त्यांची बायको, चहा गाळत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"उगंचच की वो," त्या म्हणाल्या. "आमी तरी घरात आवाजाला कवा भीत हुतो? तुमी हाय, एवढं कळायचं, बास."

हंबीररावांनी कपबशी खाली ठेवली आणि चक्क लाजले.