गाडी जाईपर्यंतच्या बांगड्या

कर्जत स्टेशनात वडे तळल्याचा वास आला की मला आईचं मनगट आठवतं. वडलांचं तेरावं उरकलं होतं. बायकांनी दगडावर बांगड्या फोडल्या तेव्हाचे ओरखडे आईच्या हातावर अजून होते. साजगावच्या कारखान्यातून वडलांचे कपडे नि जेवणाचा डबा आणायला आई, आत्या आणि मी कडावहून निघालो होतो, खोपोलीच्या गाडीची वाट बघत होतो. समोर पुण्याची गाडी उभी होती. घाटासाठी तिला मागून इंजिनं जोडेपर्यंत माणसं वड्यांवर तुटून पडली होती, आणि त्या गर्दीत परदेशातून आलेली एक गोरी बाई रडवेली होऊन आपला डबा शोधत होती. इंजिनाचा धक्का बसला तशी आई उठली आणि तिचा हात धरून माणसं सारत पळाली. आम्ही मागोमाग. एका खिडकीत स्वतःची पिशवी दिसताच बाई ओरडली, आईने तिला आत ढकललं. खिडकीतून तिने आईचा उघडा हात पाहिला आणि आपल्या हातातल्या हिरव्या बांगड्या काढून त्यात घातल्या. आत्या कुजबुजली, "वयनी, काढ गं त्या. लोकं बघत्यात." आई म्हणाली, "गाडी जाऊंदे. तिला वाईट वाटंल." मागची इंजिनं दिसेनाशी होईपर्यंत आई तोच हात हलवत राहिली. मग एकही फुटू न देता तिने त्या उतरवल्या. गेल्या वर्षी माझा नवरा गेला. बायका जमल्या, पण मी हात पुढे केला नाही.