एका काचेपुरतं गोडं पाणी

आमच्या घराच्या माडीवर रस्त्याकडे तोंड करून एक खिडकी आहे. तिला नऊ काचा आहेत आणि ती उघडत नाही. इथे मराठ्यांचे राजे होते तेव्हा राजवाड्याच्या कामातून उरलेल्या त्या काचा सासऱ्यांच्या आजोबांना मिळाल्या आणि त्यांनी चौकटीत पक्क्या बसवून टाकल्या. मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांतून कधी काही दिसलं नव्हतं. उजेड यायचा तोही ताकासारखा.

दोष आमच्या आडाच्या पाण्याचा. ते इतकं खारं आणि जड की डाळ शिजता शिजत नाही. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, रोज सकाळी ओलेत्यानं माडीवर येतात, कारण सोवळं वाळत घालायची काठी त्या खिडकीपाशीच टांगलेली. आधी तांब्याभर आडाचं पाणी काचांवर मारायचं, रस्त्याचा विटाळ नको म्हणून, मग लुगडं काठीवर. काच पुसायची नाही, पुसायचं फडकं ओवळं. पाणी आपलं आपण वाळतं आणि जाताना आपला चुना काचेवर ठेवून जातं. आत्याबाईंच्या सासूनंही हेच केलं, तिच्या सासूनंही.

मला त्याचं काही नव्हतं, बारसं होईपर्यंत. बाळंतपण माहेरी तिरुवैयारूला झालं. बारशाला अप्पांनी, माझ्या वडिलांनी, पहिला विडा दिला तो त्यांच्या गाण्याच्या गुरुजींना. दुसरा सासऱ्यांना. अप्पांच्या मनात काही नव्हतं, तिकडे गुरू पहिला, एवढंच. पण सासरे उठले, विडा तसाच पाटावर राहिला, आणि तिसऱ्या दिवशी मला आणि मुलीला गाडीत घालून इकडे आणलं. अप्पा गाडीमागून वेशीपर्यंत आले आणि म्हणाले, "बोलावल्याशिवाय मी तुमची पायरी चढणार नाही." कुणी बोलावलं नाही. मुलगी पाच महिन्यांची झाली, तिला पहिला दात आला, आणि बारशानंतर अप्पांनी तिला पाहिलेलं नाही. सूनबाईनं दारात उभं राहायचं नाही, ओट्यावर तर नाहीच. ह्यांना सांगावं तर हे कचेरीतून येतात ते डोकं धरूनच.

मग एका बुधवारी मागच्या दारी फुलवाली आली. ती तिकडचीच, नदीकाठची, मला लाडानं कण्णु म्हणते.

"कण्णु, तुझे अप्पा भेटले. शुक्रवारी केळीची पानं घेऊन येणार आहेत. तुमच्या घरासमोर गाडी थांबवतील."

"उतरतील?"

"छे. बैलाला पाणी पाजतील. मी म्हटलं, वाटेत एवढी कावेरी सोडून बैलाला तिथे कशी हो तहान लागते? तर म्हणाले, लागते."

मी हसले आणि मग आठवलं, बघायची जागा एकच, ती खिडकी, आणि ती आंधळी. दुपारी राख घेऊन घासायला गेले तर कोपऱ्यातल्या काचेला चरे पडले. मी इतकी घाबरले की मुलीला उचलून खाली पळाले.

गुरुवारी फुलवालीला सांगितलं. ती म्हणाली, "राख कशाला गं, परात आहे का ती? चिंच लाव. जुनी, काळी. लावून ठेव, पण वाळू देऊ नकोस. आणि शेवटचं पाणी तुमच्या आडाचं घेऊ नकोस बाई, पुन्हा तेच होईल."

गोडं पाणी घरात एकच, देवघरातल्या तांब्याच्या कळशीतलं, कावेरीचं, देवाच्या स्नानाचं. अंगावर पिणारं मूल, म्हणजे मी सदा ओवळी, त्या कळशीच्या वाऱ्यालासुद्धा जायचं नाही मला. आत्याबाई दुपारी निजल्या आणि मी गेले. भांडं कळशीला लागून वाजलं, पण कुणी उठलं नाही.

मधली काच घेतली, एकच, तेवढीच चिंच होती. मुलीच्या जुन्या लंगोटाच्या पट्ट्या चिंचेत बुडवून काचेवर चिकटवल्या, वाळायला लागल्या की पुन्हा भिजवल्या, मुलगी रडली की पाजलं, पुन्हा भिजवल्या. मग थर सुटायला लागला, दुधावरच्या सायीसारखा. कावेरीच्या पाण्यानं धुतलं, पदरानं कोरडं केलं, आणि समोर रस्ता. समोरच्या घराचं कौल न् कौल. मला तिरुवैयारूच्या घाटाचा वास आला, खरंच आला, आणि मी तिथेच बसून राहिले.

शुक्रवारी सकाळी आत्याबाई तांब्या घेऊन वर आल्या आणि थांबल्या.

"हे कुणी केलं?"

"मी."

"कशानं?"

"चिंचेनं, आत्याबाई."

"आणि धुतलं कशानं?"

त्यांच्या लुगड्याचं पाणी जमिनीवर टपटप पडत होतं.

"देवाची कळशी चार बोटं खाली आहे," त्या म्हणाल्या. "आज कोण येणार आहे?"

"बैल," मी म्हणाले. दुसरं काही तोंडात आलंच नाही.

त्यांनी पाणी मारलं, रोजच्यासारखं, नवाच्या नऊ काचांवर. माझा जीव गेला. मग ओलं लुगडं काठीवर न टाकता खांद्यावर घेतलं आणि जिन्याकडे वळल्या. "आज मी सोवळं खालीच घालते," म्हणाल्या.

मला कळायला थोडा वेळ लागला. सोवळं नाही तर फडक्याला बंदी नाही. मी धावले आणि पाणी वाळायच्या आत पदरानं काच पुसून काढली.

गाडी आली. अप्पा वाळलेत. त्यांनी बैलापुढे बादली ठेवली, बैलानं तोंड लावलं नाही. ते वर बघत होते, मी हात हलवत होते, मुलीला उंच धरत होते, आणि त्यांची नजर माझ्यावरून जात होती, येत होती, थांबत नव्हती. बाहेर लख्ख ऊन आणि आत अंधार. मला ते दिसत होते, त्यांना मी नाही.

मग मी मुलीचा पंजा काचेला चिकटवला, चांगला दाबून. ती कुरकुरली. अप्पांची नजर तिथे आली आणि थांबली. त्यांनी आपला हात वर केला, तसाच, बोटं पसरून, आणि धरून ठेवला. मागून एक गाडीवाला ओरडला तेव्हा खाली घेतला.

सोवळ्याची काठी आता खालच्या पडवीत असते. का हलवली ते कुणी विचारलं नाही. माडीवर पाणीही कुणी मारत नाही. बाकीच्या आठ काचा मी अजून तशाच ठेवल्यात. मधल्या काचेवर त्या पंज्याचा ठसा आहे, तो मी पुसत नाही, त्याच्या बाजूनं पुसते. सासऱ्यांनी अजून कुणाला बोलावलेलं नाही. दर शुक्रवारी पानांची गाडी थांबते तेव्हा मी वर असते.