दुसऱ्यांच्या रात्रपाळ्या

सुखदेव दुसऱ्यांच्या रात्रपाळ्या मागून घ्यायचा. भिलाईचा कारखाना उभा राहत होता, आम्ही सगळे धुळीनं आणि ड्युटीनं पार पिचलेलो. रात्रपाळी टळली तर कोणाला नको होतं? मीही माझी खुशाल त्याच्या गळ्यात मारायचो. "दे ना बाप्पा, मले काय फरक पडते," एवढंच तो म्हणायचा. फोरमन त्याचं कौतुक करायचा. शेजारच्या क्वार्टरात त्याची बायको यमुना मात्र दिवसेंदिवस अबोल होत चालली होती.

शेवटी कँटीनमध्ये मी विचारलंच, "लेका, लग्नाले वर्ष नाही झालं, अन् तू घरून कावून पळून राहिला?"

त्यानं कप बाजूला सारला. "डोकं फुटते रे. तिच्याजवळ गेलो का ऐन वेळेला मागून कोणी घन हाणल्यावानी. पहिल्यांदा तं वाटलं, मेलोच."

"डाक्टरले दाखवलं?"

"दाखवलं. पण असं कसं सांगू? म्हटलं, वजन उचललं का दुखते."

झालं! डॉक्टरांनी हलकं काम लिहून दिलं आणि हा पहाडासारखा माणूस स्टोअरमध्ये नट-बोल्ट देत बसला. दुखणं होतं तिथंच राहिलं. हसावं की रडावं, कळेना.

उन्हाळ्यात यमुनानं पेटी भरली. तुमसरला, माहेरी, कायमची. सुखदेव मला म्हणाला, "तूच स्टेशनवर पोचवून दे. माझ्यानं होत नाही."

मला संतापच आला. "बायको तुझी, तूच चाल," म्हणत त्याला ओढत यमुनासोबत दुर्ग स्टेशनला नेलं.

गाडीला अवकाश होता. फलाटावर मान खाली घालून तो तिला सगळं बोलला. मी लांब सरकलो, तरी ऐकू आलंच. यमुना उठली, पेटी त्याच्या हातात दिली. "चला डाक्टरकडे. तुमच्यानं होत नसन, तं मी सांगते."

तिनं खरंच सांगितलं. डॉक्टरांनी नजर खाली वळवली, तिनं नाही. त्यांनी सुखदेवची मान वाकवून पाहिली, ब्लडप्रेशर घेतलं, उलटी होते का विचारलं. धोक्याचं काही दिसत नाही, म्हणाले, पण पहिल्याच दिवशी येऊन खरं सांगायला हवं होतं. आधी गोळी घ्यायची, घाई करायची नाही, दुखायला लागलं की थांबायचं. बहुतेकदा आपोआप जातं.

परतताना यमुना रस्त्याच्या कडेलाच बसली आणि रडायला लागली. सुखदेव गोंधळला. "आता कावून रडून राहिली? काही नाही म्हणाले ना डाक्टर?"

"तुमाले काही नाही," ती म्हणाली. "मी रोज आरशात पाहून राहिली होती, का माझ्यात खोट काय हाय."