मामाच्या वाट्याची दोन वाक्यं

माझा धाकटा मामा बॅरिस्टर व्हायला विलायतेला गेला आणि तिकडे सिनेमात नट झाला. जव्हारला त्याचं तसं पत्र आलं तेव्हा आजी होती, संस्थानही होतं. तो परतला तेव्हा दोन्ही उरली नव्हती. दरबारातली नोकरी गेलेले माझे वडील मामलेदार कचेरीत कारकून झाले होते आणि मी नुकती शाळेत शिकवायला लागले होते.

गावाला वाटलं, मोठा हिरो आला. बाजारात लोक त्याला थांबवत. तो सरळ सांगायचा, "मी हिरोच्या मागे उभा राहायचो."

इतक्या वर्षांत तो अरब झाला, इराणी झाला, चिनी स्वयंपाकी झाला. तुरुंगाचा पहारेकरी तर कितीदा तरी. हिंदुस्थानी माणसाचं मोठं काम असलं की ते गोऱ्या नटाला मिळे, तोंडाला तपकिरी रंग फासून. "आणि त्याला फेटा बांधून द्यायला मी," मामा हसून म्हणायचा. ते हसू फार टिकत नसे.

आई त्याच्याशी कामापुरतं बोलायची. आजी गेल्याची तार मिळूनही तो आला नव्हता. वाढताना ती ताटाकडे बघे, त्याच्याकडे नाही.

पुढे कळलं, नाशिकला त्याचा सिनेमा लागलाय. "मला नाही यायचं," आई म्हणाली. पण त्या सकाळी एसटीत आधी तीच जाऊन बसली. मोखाडा, त्र्यंबक करत आम्ही तिघं दुपारच्या खेळाला पोचलो.

सिनेमा वाळवंटातल्या एका किल्ल्याचा होता. मी आईच्या कानात अर्थ सांगत होते. अर्धा सिनेमा संपल्यावर मामा आला, नोकराच्या वेशात. दोन वाक्यं बोलला. मग हिरोचा भाऊ मेल्याची बातमी आली. हिरो बराच वेळ बोलत राहिला, मामा मागे दिवा धरून उभा. हळूहळू त्याचे डोळे भरले, पण पाणी काही खाली आलं नाही. आईने माझं मनगट घट्ट धरलं. ती हिरोकडे बघतच नव्हती.

बाहेर चहाच्या दुकानात तिने विचारलं, "तेव्हा तुला आई आठवत होती ना रे?"

हो म्हणाला असता तर सगळं मिटलं असतं.

"नाही ताई," मामा म्हणाला. "आई तेव्हा जिवंत होती. बूट चावत होते, आणि दिवा हलू द्यायचा नव्हता. बाकी सगळं सवयीने."

"मग ती गेली तेव्हा का नाही आलास?"

"चार महिने रिकामा होतो. नेमकं तेव्हाच आठ दिवसांचं काम मिळालं. म्हटलं, आई तर गेलीच, आता काम कशाला घालवू. असाच विचार केला मी."

आईने कप बाजूला सारला. मला वाटलं, आता ही उठून जाईल. चहावर साय धरली.

"हे असंच पत्रात लिहायचं होतंस," ती शेवटी म्हणाली. "मी तुला शिव्या दिल्या असत्या आणि मोकळी झाले असते. इतकी वर्षं मला वाटत होतं, तू आम्हांला विसरलास."

परतताना ती एसटीत त्याच्या शेजारी बसली आणि आजीच्या शेवटच्या दिवसांचं सांगू लागली. मामा बारीकसारीक विचारत होता: शेवटी काय खाल्लं, जवळ कोण होतं, त्याचं नाव काढलं का. घाटात गाडी गचके देत होती. मी मागच्या बाकावरून दोघांच्या पाठींकडे बघत होते.